गाडी खाली आली, चाकांचं काय?

दिल्लीत गाडी खाली बसवून घ्यायला एक दुपार पुरते. करोलबागेत ॲक्सेसरीजच्या दुकानांची रांगच्या रांग आहे, काश्मिरी गेटला सुट्या भागांचा घाऊक बाजार आहे, आणि दोन्हीकडे लोअरिंग स्प्रिंगांची चौकशी केली तर कुणाला नवल वाटत नाही. गाडी लिफ्टवर चढते, चाकं निघतात, पुढचे स्ट्रट बाहेर येतात, जुनी स्प्रिंग दाबून मोकळी केली जाते आणि तिच्या जागी आखूड, कडक स्प्रिंग बसते. संध्याकाळी मालक गाडीभोवती फेरी मारतो तेव्हा टायर आणि फेंडर यांच्यातली चार बोटांची फट दोन बोटांवर आलेली असते. सकाळी साधी वाटणारी हॅचबॅक आता रुंद आणि रस्त्याला धरून असलेली दिसते.

पुढची पायरी ठरलेली असते : जवळच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंट. थ्रीडी मशीनच्या पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे होतात, हातात छापील कागद पडतो, काम संपतं. आणि तरीही काही हजार किलोमीटरनंतर टायर बदलायला किंवा पंक्चर काढायला चाक उतरवलं की पुढच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झालेली आढळते. कधी कधी तर रबराखालच्या तारा डोकावू लागलेल्या असतात. बाहेरच्या बाजूने तोच टायर जवळपास नवा दिसतो.

अलाइनमेंट करूनही असं का व्हावं? कारण उंची बदलली की चाकाचे सगळेच कोन बदलतात. त्यातले काही मशीन दाखवतं, काही दाखवतच नाही. आणि जे दाखवतं त्यातलंही बरंचसं साध्या पान्याने बदलता येत नाही. गाडी खाली घेणाऱ्याने हे आधी समजून घेतलं, तर पैसे वाचतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेगात टायर फुटण्याचा धोका टळतो.

तीन कोन

अलाइनमेंटच्या कागदावर तीन शब्द असतात : कॅम्बर, कॅस्टर आणि टो.

गाडीसमोर उभं राहून पाहिलं की चाक वरच्या बाजूला आत झुकलंय की बाहेर, ते म्हणजे कॅम्बर. आत झुकलं तर उणे, बाहेर झुकलं तर अधिक. टायरसकट साधारण ६०० मिलिमीटर व्यासाचं चाक एक अंशाने झुकलं, तर त्याचा वरचा काठ खालच्या काठापेक्षा जेमतेम १० मिलिमीटर आत जातो. डोळ्यांना हा फरक सहज दिसत नाही.

बाजूने पाहिलं की चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे कललेला दिसतो. तो कल म्हणजे कॅस्टर. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप मधोमध येतं, वेगात गाडी सरळ रेषा धरते, याचं मोठं श्रेय कॅस्टरला.

टो वरून पाहायचा. पावलांचे अंगठे आत वळवून उभं राहावं तशी दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असली की टो-इन. बाहेर वळलेली असली की टो-आउट. बहुतेक लहान फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा टो शून्याच्या आसपास ठेवतात.

टायर खाण्यात या तिघांपैकी सर्वांत वाईट कोण, याचं उत्तर टायरच्या दुकानांत बहुतेक वेळा कॅम्बर असं मिळतं. आतली कड झिजते आणि चाक आत झुकलेलं असतं, म्हणून दोष कॅम्बरवर जातो. पण टो नीट शून्यावर असेल तर एक-दीड अंश उणे कॅम्बर टायर हळूहळूच झिजवतो. खरा भक्षक टो आहे, आणि त्याचा हिशेब शाळेतल्या गणिताने मांडता येतो.

समजा, १४ इंची रिमच्या गाडीत दोन्ही चाकांचा मिळून टो तीन मिलिमीटरने बिघडला. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड. रिमचा व्यास ३५६ मिलिमीटर. दीडला ३५६ ने भागलं की कळतं, चाक दर १०० मीटर पुढे जाताना सुमारे ४२ सेंटिमीटर आडवं फरफटतं. दोन्ही चाकं विरुद्ध दिशांना ओढत असल्याने गाडी सरळच जाते आणि चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा यमुना एक्स्प्रेसवे १६५ किलोमीटरचा आहे. ही गाडी त्यावरून एकदा गेली, तर पुढचा प्रत्येक टायर जवळजवळ ७०० मीटर आडवा घासला जातो. त्याच वेळी कॅम्बर उणे असेल तर सगळा घास आतल्या कडेवरच पडतो. दोघांनी मिळून केलेलं काम एकट्या कॅम्बरच्या नावावर खपतं ते असं.

मॅकफर्सनची देणगी, तिची अट

दिल्ली परिसरात खाली बसवल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींच्या पुढच्या चाकांमागे एकच रचना असते. ती अर्ल एस. मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्समध्ये शेवरले कॅडेट या छोट्या गाडीवर तो काम करत होता. १९४७ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. पुढे इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमध्ये त्याचा स्ट्रट आला. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात, खाली एक लोअर आर्म, वर बॉडीला एक माउंट. भाग कमी, खर्च कमी, इंजिनाला आडवं बसायला भरपूर जागा. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या मारुतीने पहिली ८०० ग्राहकाच्या हाती दिली तिच्या पुढच्या चाकांनाही मॅकफर्सन स्ट्रटच होते, आणि २००५ मध्ये आलेल्या स्विफ्टलाही. आजही भारतातल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान त्याच रचनेवर धावतात.

ही रचना एका ठरावीक उंचीसाठी आखलेली असते. कारखान्यातून आलेल्या गाडीत लोअर आर्मचं बाहेरचं टोक सहसा आतल्या टोकापेक्षा थोडं खाली असतं. चाक उंचवट्यावरून वर उचललं गेलं की हा आर्म आडव्या स्थितीकडे सरकतो, त्याचं टोक बाहेर जातं आणि चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो. म्हणजे कॅम्बर थोडा उणे होतो. वळणावर बॉडी एका बाजूला कलते तेव्हा याच बदलामुळे बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट टेकलेला राहतो.

गाडी खाली घेतली की चाक बॉडीच्या तुलनेत कायमचं वर सरकतं. २५-३० मिलिमीटरपर्यंत आर्म आडव्याच्या जवळ येतो आणि कॅम्बर साधारण अर्धा ते एक अंश उणे होतो. इथवर ठीक. पण ५०-६० मिलिमीटर खाली गेलं की आर्म आडवी रेषा ओलांडून उलट्या दिशेला कलतो. आता चाक आणखी वर गेलं तर आर्मचं टोक आत येतं आणि वळणात हवा असलेला उणे कॅम्बर मिळणं बंद होतं. फार खाली घेतलेली गाडी उभी असताना चाकं झोकात कललेली दिसतात. वळणात मात्र नेमक्या गरजेच्या वेळी टायरची पकड कमी होते.

स्टेअरिंगचा टाय रॉडही एका बिंदूभोवती वर-खाली फिरतो. मूळ उंचीला लोअर आर्म आणि टाय रॉड यांचे कोन असे जुळवलेले असतात की चाक वर-खाली झालं तरी टो फारसा बदलू नये. उंची बदलली की दोघांची चाल जुळत नाही. अनेक गाड्यांत टो बाहेर जातो. तो नक्की कुठल्या बाजूला जाईल, हे स्टेअरिंगचा रॅक चाकाच्या अक्षापुढे आहे की मागे आणि किती उंचीवर आहे यावर ठरतं. म्हणून लोअरिंगनंतर अलाइनमेंट टाळता येत नाही.

मागच्या चाकांचं चित्र वेगळं आहे. स्विफ्टसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाकं एका आडव्या तुळईला जोडलेली असल्याने गाडी सारखी खाली घेतली तर त्यांचा कॅम्बर आणि टो फारसा हलत नाही. मल्टिलिंक सस्पेन्शनच्या महागड्या गाड्यांत मात्र मागच्या चाकांचेही कोन बदलतात. तिथे चारही चाकांचं अलाइनमेंट मागून सुरू करावं लागतं, कारण गाडी कोणत्या रेषेत ढकलली जाणार हे मागची चाकं ठरवतात आणि पुढच्या चाकांना त्या रेषेशी जुळवून घ्यावं लागतं.

हिरवा आकडा काय सांगतो

थ्रीडी मशीनचं काम मोजण्याचं. प्रत्येक चाकावर क्लॅम्पने एक फलक बसवतात, समोरचे कॅमेरे त्यावरच्या खुणा टिपतात, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून रिमचा वाकडेपणा वजा करतात. आलेला आकडा संगणक कारखान्याच्या मर्यादांशी ताडून पाहतो : आत असेल तर हिरवा, बाहेर असेल तर लाल. या मर्यादा कारखान्याच्या उंचीसाठी लिहिलेल्या असतात, ही गोष्ट इथे विसरून चालत नाही. रेनोसारख्या उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत कॅस्टरचा आकडा गाडीच्या मोजलेल्या उंचीनुसार कोष्टकात दिलेला असतो. बाकी बहुतेक गाड्यांना एकच आकडा.

त्यात आणखी एक अडचण आहे. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये कारखान्याने फक्त पुढचा टो बदलण्याची सोय ठेवलेली असते. टाय रॉडचा नट सैल करायचा, रॉड पिळायचा, आकडा हिरवा झाला की नट आवळायचा. कॅम्बर आणि कॅस्टर लाल राहिले तरी कारागीर म्हणतो, ‘हे ॲडजस्ट होत नाही.’ तो खोटं बोलत नाही. पण गाडी खाली घेतलेल्या माणसाला त्याच क्षणी विचारायला हवं की मग ॲडजस्ट कशाने होईल.

यावर प्रामाणिक इलाज दोन. स्ट्रट जिथे नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथे एका बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजेच कॅम्बर बोल्ट, बसवता येतो. तो फिरवला की चाक साधारण अंश-दीड अंश आत-बाहेर कलतं. दुसरा इलाज वरच्या माउंटचा : सरकवता येणारी कॅम्बर प्लेट. ती शर्यतीच्या गाड्यांत सर्रास असते. शहरात मात्र तिच्या धातूच्या सांध्यामुळे खडखडाट वाढतो.

तिसरा इलाज अनेक दुकानांत होतो आणि तो टाळावा. हायड्रॉलिक जॅकची एक चौकट स्ट्रटला लावून जोर देतात आणि स्ट्रटचं शरीरच वाकवून कॅम्बर जागेवर आणतात. पडद्यावर आकडा हिरवा होतो. पण वाकलेल्या नळीत शॉक ॲब्सॉर्बरचा रॉड तिरपा घासू लागतो, सील फाटतं, तेल गळू लागतं. एका टायरचा खर्च वाचवायला गेलेल्या माणसाला काही महिन्यांत दोन नवे स्ट्रट घ्यावे लागतात.

कामाचा क्रम

चांगला कारागीर मशीन सुरू करण्याआधीच अर्धं काम उरकतो. चाकाला नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. खुळखुळलं तर टाय रॉड एंड संपला आहे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खुळखुळलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात मोडतं, आणि दिल्लीत पहिला खड्डा दूर नसतो.

त्यानंतर बुश. लोअर आर्म ज्या रबरी बुशवर फिरतो, त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना मेकॅनिकने तो बोल्ट घट्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं, आणि तोवर गाडीला थोडं वर धरून ठेवतं. मग उंची चुकते आणि तिच्यामागून कोन चुकतात. म्हणून हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना, नव्या उंचीवरच आवळायचे. लोअरिंग केलेल्या किती गाड्यांत ही काळजी घेतली जाते, हे मालकाने स्वतः समोर उभं राहून पाहावं.

नव्या स्प्रिंगा बसायला काहीशे किलोमीटर घेतात. त्यामुळे बसवल्या दिवशी टो ढोबळमानाने जुळवून गाडी चालवायची आणि नंतर पुन्हा मशीनवर न्यायची. तेव्हा चारही टायरांत हवा सारखी, टाकी अर्धी भरलेली, आणि शक्य असेल तर चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकं ओझं. हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतची उंची चारही चाकांवर टेपने मोजून कागदावर लिहायची. पुढे ही चार आकड्यांची नोंदच सांगते की एखादी स्प्रिंग खचली आहे का.

आता कोन. आधी कॅस्टर, मग कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो; कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. स्टेअरिंग मधोमध धरून कुलूप लावायचं आणि दोन्ही टाय रॉड मिळून फरक वाटून घ्यायचा, नाहीतर टो बरोबर आला तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली घेतली असेल तर कॅस्टरकडे खास लक्ष हवं. साधारण २,३९० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत नाक २० मिलिमीटर जास्त खाली गेलं की जवळपास अर्धा अंश कॅस्टर कमी होतो. स्टेअरिंग हलकं वाटू लागतं. एक्स्प्रेसवेवर तेच स्टेअरिंग भिरभिरतं.

काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावेत. साधारण हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजावं. आणि मधल्या काळात टायरवर तळवा फिरवावा. टो चुकला असेल तर एका दिशेने हात फिरवताना टायर मऊ लागतो आणि उलट दिशेने फिरवताना प्रत्येक खाचेची कड बोटांना खरखरीत लागते. ही खरखर डोळ्यांना दिसायच्या आत हाताला कळते. कायद्याने गाडीच्या टायरची किमान खाच १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि तेवढी ती आतल्या कडेलाही असली पाहिजे.

मशीनच्या पलीकडे

काही गोष्टी अलाइनमेंटच्या कागदावर कधीच येत नाहीत. पहिली म्हणजे रोल सेंटर. वळणात बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू लोअर आर्मच्या कोनावरून ठरतो. गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य जितका खाली येतो, त्यापेक्षा रोल सेंटर बराच जास्त खाली जातो, कधी जमिनीखालीही. या दोघांतलं अंतर वाढलं की वळणात बॉडीला कलवणारा तरफेचा जोर वाढतो. म्हणून फार खाली घेतलेली मॅकफर्सन गाडी मऊ स्प्रिंगांवर मूळ गाडीपेक्षाही जास्त कलू शकते. तो जोर रोखायला स्प्रिंग आणखी कडक करावी लागते आणि मग प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. खरा उपाय म्हणजे लांब दांड्याचा बॉल जॉइंट, जो लोअर आर्मचं बाहेरचं टोक पुन्हा खाली आणतो.

दुसरी गोष्ट चालीची. स्प्रिंग दाबली जाण्यासाठी समजा ८० मिलिमीटर जागा होती आणि गाडी ४० ने खाली घेतली, तर उरतात ४०. तोच धक्का अर्ध्या अंतरात पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी, हे ऊर्जेचं साधं गणित आहे. तेवढी कडक स्प्रिंग कुणीच बसवत नाही. त्यामुळे गाडी वारंवार बंप स्टॉपवर, म्हणजे चालीच्या शेवटी असलेल्या रबरी अडसरावर, आदळते आणि त्याचा भार स्ट्रटच्या वरच्या माउंटवर येतो.

स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याची पद्धत स्वस्त असल्याने अजून टिकून आहे. सहा फिरत्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, म्हणून कापणारा समजतो की सगळं जुळलं. पण कापलेलं टोक सपाट बैठकीवर नीट बसत नाही. गाडी उंचवट्यावरून उडाली, चाकं लोंबकळली की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटते आणि पुन्हा बसताना कुठे बसेल याचा नेम नसतो. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवलेल्या स्प्रिंगेत पोलादाची ताकदच जाते. जर्मनीच्या आयबाखसारख्या कंपन्यांच्या रस्त्यावरच्या वापराच्या स्प्रिंगा साधारण २५ ते ३५ मिलिमीटरच खाली आणतात. त्यामागे हेच सगळे हिशेब असतात.

दिल्लीचे गतिरोधक

दिल्ली परिसरात गाडी खाली घेणाऱ्यापुढे दोन टोकांचे रस्ते आहेत. ग्रेटर नोएडात ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालेलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट : ५.१२५ किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी फेरा, जिथे त्याच महिन्याच्या ३० तारखेला सेबास्टियन फेटेलने पहिली इंडियन ग्रां प्री जिंकली. शर्यतीच्या गाडीला तिथे तीन अंश उणे कॅम्बर शोभतो, कारण तिचा बराचसा वेळ जोराच्या वळणांत जातो आणि तिचे टायर हजारो किलोमीटर टिकावेत अशी अपेक्षाच नसते. तीच गाडी लक्ष्मीनगरच्या गल्लीत आणली तर पहिल्या गतिरोधकावर अडकेल.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कंसासारखा असायला हवा. ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा. असा गतिरोधक खाली बसलेल्या गाडीलाही त्रास देत नाही. पहिल्या पिढीच्या स्विफ्टचा व्हीलबेस २,३९० मिलिमीटर. दोन्ही चाकजोड्या एकाच वेळी या कंसावर असतात आणि मधल्या पोटाखालून फक्त ४२ मिलिमीटर कमी होतात. १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची ही गाडी ४० ने खाली घेतली तरी १३० उरतात, आणि ४२ वजा करूनही ती सुखरूप निघते.

पण वसाहतींतल्या गतिरोधकांना कुणी मानक विचारत नाही. रहिवासी संघाने टाकलेला डांबराचा अरुंद ढिगारा चाकांच्या मधोमध येतो तेव्हा पोटाखालून त्याची पूर्ण उंची वजा होते. गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असेल तर स्प्रिंगा आधीच दाबलेल्या असतात. शिल्लक राहिलेले ९०-१०० मिलिमीटर आणि समोर १२० चा उंचवटा, मग सायलेन्सर खरवडला जाणं अटळ. प्रत्येक आघात लोअर आर्म आणि टाय रॉडपर्यंत पोचतो, आणि काळजीने जुळवलेला टो पुन्हा सरकतो.

कायदा आणि कॅमेरा

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या मूळ रचनेला मान्यता देणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि दिल्लीजवळ मानेसरची आयकॅट आहेत. मालकाने नंतर केलेला बदल त्यांच्या चाचण्यांतून गेलेला नसतो. आरसीवर स्प्रिंगची लांबी लिहिलेली नसली, तरी अपघातानंतर विम्याचा दावा तपासला जातो तेव्हा हा प्रश्न पुढे येतो.

इतर देशांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले. जर्मनीत प्रमाणित स्प्रिंगा बसवून, अलाइनमेंट आणि हेडलाइट जुळवून गाडी तज्ज्ञापुढे नेली की तो बदल कागदपत्रांत नोंदवून देतो. जपानच्या वाहन तपासणीत गाडी जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर वर असावी लागते. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकाच्या अखेरीस रिमच्या खालच्या काठापेक्षा खाली जाणाऱ्या गाड्यांवर बंदी आली. गाड्या खाली घेण्याची हौस जोपासणाऱ्या तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन लोरायडर मंडळींच्या दीर्घ मागणीनंतर ती २०२३ मध्ये रद्द करण्यात आली. भारतातही तपासून, नोंदवून बदल करण्याची अशी सोपी वाट असती, तर कापलेल्या स्प्रिंगा आणि वाकवलेले स्ट्रट यांचा बाजार आपोआप आटला असता.

अलीकडच्या गाड्यांनी यात एक नवा भाग जोडला आहे. नाक खाली गेलं की हेडलाइटचा झोत रस्त्यावर लवकर पडतो. तो पुन्हा जुळवावा लागतो, हे जुनंच. पण आता विंडस्क्रीनमागे कॅमेरा असतो, काही गाड्यांच्या बंपरमध्ये रडार असतं, आणि दोन्ही मूळ उंचीवरून रस्त्याकडे पाहायला शिकवलेले असतात. लेन धरून ठेवणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेली गाडी खाली घेतली, किंवा तिचा टो बदलला, तर स्टेअरिंग-अँगल सेन्सर शून्यावर आणणं आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करणं हेही अलाइनमेंटचाच भाग ठरतं. हे कॅलिब्रेशन कोण करून देणार आणि त्याला किती पैसे लागणार, हे स्प्रिंगांचे पैसे मोजण्याआधीच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं.